हिरवी झाली की कळव

(परदेशात, तबूक शहरातल्या घराचं मागचं अंगण, सकाळ. अलका आणि देवगडहून आलेले तिचे सासरे, अण्णा.)

अलका : ते छाटणीचं सिकेटर खाली ठेवा, अण्णा. आईंनी लावलेल्या झाडाला मी हात लावू देणार नाही.

अण्णा : अगो, झाड कोण तोडतोय? हा हिरवा फुटवा तेवढा काढायचा. तीन आठवडे गप्प बसलो. परवा माझं विमान, आता बोलायलाच हवं.

अलका : सगळ्या झाडात तोच तर जोमात आहे!

अण्णा : म्हणूनच. हे कलम आहे. खाली दुसऱ्याच, हिरव्या पानांच्या प्लमचा खुंट, वर हा जांभळ्या पानांचा बांधलेला. ही गाठ बघ. फुटवा गाठीच्या खालून आलाय, म्हणजे खुंटाचा. सगळं पाणी तोच पितोय, वरचा जांभळा उपाशी. यंदा फुलं किती आली?

अलका : पाच-सहा. गेल्या वर्षी अख्खं झाड गुलाबी झालं होतं.

अण्णा : पुढच्या वर्षी तेवढीही नाहीत.

अलका : पण झाड लावून देवगडला परत जाताना आई म्हणाल्या होत्या, ही जांभळी पानं म्हणजे आंब्यासारखी कोवळी पालवी आहे, हिरवी झाली की कळव. नर्सरीतला नदीम सांगत होता, पानं जांभळीच राहतात म्हणून. आईंनी ऐकलं नाही, मग मीही नाही. पहिलं हिरवं पान दिसलं तेव्हा नाचले मी! लगेच त्यांना फोटो पाठवला.

अण्णा : हॉस्पिटलात होती तेव्हा. नर्सला दाखवला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाखवला. ‘बघा, माझं झाड हिरवं झालं.’

अलका : तुम्हीही पाहिला होतात?

अण्णा : चाळीस वर्षं हापूसची कलमं बांधली मी. बघताक्षणी ओळखलं.

अलका : मग बोलला का नाहीत?

अण्णा : जन्मभर तिच्या चुका काढल्या गो. भाजीत मीठ जास्त, झाडांना पाणी कमी. त्या दिवशी ती हसत होती. ही चूक नाही काढवली माझ्याने.

अलका : त्यानंतर चारच दिवस होत्या त्या. जे बघून हसल्या तेच कापायचं? मला नाही जमणार, अण्णा.

अण्णा : मला तरी कुठे जमतंय? रोज सकाळी सिकेटर घेऊन येतो नि पाणी घालून परत जातो. पण तिने हाताने लावला तो जांभळा. तो जगायला हवा.

अलका : ...थांबा. आधी एक फोटो काढते. हिरव्यासकट.

अण्णा : काढ. आणि तिच्या नंबरवर पाठव. तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावतो.