श्रीधरनं नोकरी बदलली, ते बरंच केलं

मंडळी, स्वल्प, थोडं थांबा हं. मंडळाच्या या हॉलमध्ये आपण बारशी केली, मुंजी केल्या. आज माझ्या धाकट्या भावासाठी, श्रीधरसाठी, तुम्ही सगळे जमलात. अजून खरं वाटत नाही.

गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "अक्का, रविवारी राजाजीनगरला घरी ये. नवा प्रिंटर आणलाय. तुझ्या हातून लावून घ्यायचाय." मी म्हटलं, सरी, बरं, येते. दुपारी पुन्हा फोन वाजला. वसुधा होती, त्याची बायको. म्हणाली, "अक्का, श्रीधर गेले." आणि मी तिलाच विचारलं, "कुठला श्रीधर?" ऐकताय ना? सख्ख्या भावाबद्दल विचारलं मी, कुठला श्रीधर!

कारखान्यात तो मोटारी तपासायचा. इंजिनिअर. पक्की नोकरी, क्वार्टर, कँटीन. आणि मागच्या वर्षी ती सोडून तो जयनगरच्या एका लहानशा कंपनीत लेखक म्हणून लागला. यंत्रं, कॉम्प्युटर कसे वापरायचे त्याची पुस्तकं लिहायची, हे काम. आमचे काका म्हणाले, "इंजिनिअरिंग शिकून शेवटी कारकुनीच?" तो नुसता हसला.

त्याची कामाची एक रीत होती. पुस्तक लिहून झालं की मला बोलवायचा. मला मिक्सरपलीकडे यंत्र ठाऊक नाही, म्हणूनच मी हवी! मला यंत्रापुढे बसवायचा, हातात पानं द्यायचा आणि स्वतः हात मागे बांधून उभा. बोलायचं नाही, हा त्याचाच नियम. मी चुकीचं बटण दाबायचे, त्याचा जीव वरखाली व्हायचा, पण तोंडातून अक्षर नाही. मी वैतागायचे, "अरे सांग ना मेल्या!" तर मान हलवायचा. शेवटी मी हात टेकले की म्हणायचा, "अक्का, तू अडलीस म्हणजे माझी ओळ चुकली." आणि ती ओळ खोडायचा. अडलेल्या माणसाला मूर्ख न म्हणणारी किती माणसं तुम्ही पाहिलीत? मी एक पाहिला. तो गुरुवारी गेला.

आता जे बोलायला उभी राहिले, ते बोलते. राग आला तर येऊ दे.

गुरुवारपासून घरात कुजबूज चाललीय. "सुखाची नोकरी सोडली, टेन्शन घेतलं असेल." "बायकोनं तरी अडवायचं!" हे वसुधाच्या कानावर गेलंय. काल ती मला विचारत होती, "अक्का, मी अडवायला हवं होतं का हो?"

तिला आज इथेच उत्तर देते. डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक बंद पडलं, कुणालाच आधी कळलं नसतं. पण डॉक्टरांचं राहू द्या, मी पाहिलंय ते सांगते. कारखान्यात असताना रविवारची संध्याकाळ झाली की हा माणूस गप्प व्हायचा. पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. आणि या वर्षभरात? जेवताना एका वाक्यावरून वसुधाशी वाद घालायचा, हरायचा आणि वर आणखी भात मागायचा! राजीनामा दिला त्या दिवशी तिनं पुरणाच्या होळिगे केल्या होत्या. सण नव्हता काही. नवऱ्याला धीर यावा म्हणून.

वसुधा, इकडे बघ. तू अडवलं नाहीस, फार चांगलं केलंस. मनासारखं काम त्याला एकच वर्ष मिळालं, पण ते तुझ्यामुळे मिळालं. त्याची थोरली बहीण सगळ्यांसमोर सांगतेय. यापुढे कुणी तुला काही बोललं, तर त्याला माझ्याकडे पाठव.

मंडळी, आता सगळे उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

श्रीधर, पाया पडायचं तुझं वय होतं रे, माझं नव्हे. तरी मी हात जोडते.