गोळ्यांच्या रांगेतलं शेवटचं माणूस

डर्बनजवळच्या दवाखान्यात खोंझेनी खोकल्याच्या रुग्णांच्या बाकावर बसली होती. ओळखीचं कुणी बघेल म्हणून चार महिने ती एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेकडे फिरकली नव्हती. त्याच रांगेत, हाताच्या अंतरावर, दोन बायका बोलत होत्या.

“मामखिझे, हळू बोल गं. अख्खा दवाखाना ऐकतोय.”

“ऐकू दे. मला कोविड झाला तेव्हा संशोधनवाल्यांनी पाच वेळा रक्त नेलं होतं ना? आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एचआयव्ही नसलेल्यांच्या तोडीस तोड लढलं तुमचं रक्त.”

“तुझं? टेकडी चढताना धापा टाकतेस.”

“धापा मी टाकते, रक्त नाही. कोविडशी लढणाऱ्या पेशींचा आलेख दाखवला त्यांनी. माझी रेघ एचआयव्ही नसलेल्यांच्या रेघेला चिकटून वर गेलेली.”

“मग एचआयव्ही गेला म्हण की.”

“जातोय कुठे. गोळ्यांनी दाबून ठेवलाय, म्हणून रक्ताला कोविडशी भांडायला सवड मिळाली. ज्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची रेघ खालीच राहिली.”

खोंझेनी उठली.

“मावशी, या रांगेत शेवटचं कोण?”

मामखिझेने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी उचलून जागा केली.

“आत्तापर्यंत मी होते. आता तू.”