खोली नंबर बाराचे अकरा सदरे

—नाही नाही, शेठ, टाय बघून इंजिनेर निवडू नका. मी सांगतो ना. आमचे दत्तारामशेठ परळच्या दुकानात गेलेत, येतील तासाभरात, तोवर बसा इथं. मी भिवा, या लाँड्रीत कपडे निवडतो, एकतीस वर्षं झाली. तुमची माटुंग्याची लाँड्री वाढली, याचा कपडा त्याला जायला लागला, म्हणून बाहेरचा माणूस लावून कामाची नवी पद्धत बसवून घ्यायची — हेच ना? आमचंही तेच झालं होतं. दुकानं तीन, आणि कपड्यावरची खूण वाचणारा मी एकटा. ही बघा, कॉलरच्या आत — बिब्ब्याची खूण, कितीही धुवा, जात नाही. दोन टिंबं, खाली आडवी रेघ. ही कौसल्याबाईंच्या घरची. मला अक्षर येत नाही, पण हे सगळं वाचता येतं. मग मला आठ दिवस ताप आला आणि इथं छताला लागेल एवढा ढीग झाला. शेठ म्हणाले, भिवा, तू उद्या गचकलास तर मी लोकांना उघडं फिरवू काय?

तर दोन इंजिनेर आले. एक फोर्टातला, टायवाला. गडी झकास! कार्डं आणली, कडेला भोकं पाडलेली. भोकात सुई घालून गठ्ठा हलवायचा, की हवं ते कार्ड टपकन खाली पडतं. शेठ तर लहान मुलासारखे सुई घालत बसले. पण इथं मागं, भट्टीकडं, तो आलाच नाही. का? वास येतो म्हणे. — येतोच की, लाँड्री आहे, अत्तराचं दुकान थोडंच आहे!

दुसरा जगदीश, माझगावचा. गोदीतल्या भांडारात सामानाची मांडणी त्यानंच बसवलेली. तो आला तो सरळ माझ्याशेजारी मांडी घालून बसला. तीन दिवस. भिवाकाका, ही खूण कुणाची? भिवाकाका, समोरच्या चाळीत खोली नंबर बारात माणसं किती झोपतात? मी म्हटलं, अकरा, आणि खुणाही अकरा. कोकणातले गिरणीवाले, पाळीपाळीनं झोपतात, अंथरुणं चार. तो हसला नाही, लिहून घेतलं. टायवाल्यानं काय केलं होतं — एक खोली, एक कार्ड, एक नंबर! त्याला वाटलं, खोलीत एक नवरा, एक बायको, दोन पोरं. लालबागेत!

मग ठेवलं कुणाला? — टायवाल्याला. हसता काय? त्यानं बिब्बा बंद केला, नंबराच्या फिती शिवल्या. आणि शिवाजी पार्कच्या सभेला जायचं म्हणून खोली बाराचे अकराच्या अकरा पांढरे सदरे एकाच नंबरावर धुऊन गेले. आमचा कोंडीराम, अंगानं रेडा, त्याला आला किडकिडीत रघुवीरचा सदरा. सभेत 'झालाच पाहिजे' म्हणून हात वर केला नि काखेपासून कमरेपर्यंत टर्रर्र! लोक म्हणतात, पोलिसांनी फाडला. म्हटलं, नाही रे बाबा, आमच्या लाँड्रीनं फाडला. हसून झालं, पण आता अख्खी चाळ म्हणते, रविवारपर्यंत सुधारलं नाही तर कपडे दुसरीकडं. शंभर खोल्या, शेठ. त्या गेल्या तर हे दुकान बसलंच.

शेठनी टायवाला का निवडला? त्यांनी नाही निवडला. मला विचारलं — भिवा, दोघांचं काम तू बघितलंस, तू सांग. आणि मी — आता तुमच्यापासून काय लपवू — मी टायवाला सांगितला. तिसऱ्या दिवशी तो जगदीश मला न विचारता कपडे निवडायला लागला हो. चूक एक नाही. माझी एकतीस वर्षं त्याच्या वहीत! माझ्या हातातलं कामच गेल्यासारखं वाटलं. मग मला कोण ठेवणार? जाताना त्यानं एक कागद दिला, यात माझा पत्ता आहे, शेठना द्या म्हणाला. तो हा, माझ्या बंडीत. शेठ महिनाभर त्याचा पत्ता विचारतायत, मी म्हणतो, हरवला.

तुम्ही घेऊन जा. माटुंग्यात ठेवा त्याला गुंतवून, इकडं नाव काढू नका. वाचा, पत्ताच आहे ना? — खाली आणखी आहे? काय आहे? — मी कुणाकडून वाचून घेणार होतो, दाखवायची सोय होती का? वाचा की.

— पुन्हा वाचा.

— 'पद्धत कुणाकडूनही बसवून घ्या, पण खुणा बंद करू नका, आणि चार माणसं तयार होईपर्यंत भिवाकाकांना हलवू नका. त्यांच्यावाचून हे काम उभं राहणार नाही.' — असं? माझं नाव घालून?

द्या तो कागद. नाही, पत्ता उतरवू नका. आधी आमच्या शेठच्या हातात पडू दे, मग तुम्ही त्यांच्याकडून घ्या. मी परळला निघालो. — चालतच जाईन, मला सवय आहे. तुम्ही या आता. या म्हटलं ना, शेठ.