अकरा लिफ्ट

चित्रकार : मग वाचूनच दाखवते. ‘आपली चाचणीची पाने मिळाली. तूर्त घेता येत नाहीत. पुन्हा प्रयत्न करावा.’ ही पहिली चिठ्ठी. दुसरी शब्दशः हीच. तिसरीही हीच, फक्त तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय.

फुगेवाले : तो माझा असणार. बसा ना. संपादकबाई छापखान्यात गेल्यात, येतील तासाभरात. त्या खुर्चीवरचे कागद खाली ठेवा.

चित्रकार : तुमचा कप माझ्या चिठ्ठीवर कसा?

फुगेवाले : इथलं सगळं माझ्या टेबलावरून जातं. चित्रकथेत माणसं बोलतात ना, ते फुगे मी काढतो, त्यांत अक्षरं मी घालतो. सत्तावीस वर्षं झाली. ऑफिसात मला फुगेवालेच म्हणतात. नव्या लोकांची पानंही आधी माझ्याकडे येतात. फुगे बसतात की नाही, तेवढं मी बघतो.

चित्रकार : आणि माझ्या पानांत?

फुगेवाले : नाही बसत.

चित्रकार : म्हणजे तुम्ही परत पाठवलीत. तीनदा.

फुगेवाले : मी फक्त पानामागे पेन्सिलने ‘बसत नाही’ असं लिहितो. परत बाई पाठवतात.

चित्रकार : पानामागे काहीही नव्हतं. मी भिंगाखाली धरून बघितलंय.

फुगेवाले : बाई खोडून पाठवतात. नव्या माणसाचं मन दुखावू नये म्हणून.

चित्रकार : मन! अहो काका, मला वाटलं बोटं चुकली. दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांची बोटं नव्याने काढली. मग वाटलं, कपड्यांच्या चुण्या खोट्या दिसताहेत. तिसऱ्या खेपेला चुण्या. दादाला शर्ट घालून खिडकीपाशी उभा करायचे, वहिनी म्हणायची याला ऑफिसला तरी जाऊ दे. आणि इतके दिवस उत्तर तुमच्याकडे होतं, पेन्सिलने लिहिलेलं!

फुगेवाले : चुण्या झकास होत्या हं.

चित्रकार : चेष्टा करू नका.

फुगेवाले : चेष्टा नाही. मला काका म्हणालीस, आता मी तू म्हणणार. पाणी पी आधी. आज पोस्टाने न पाठवता स्वतः का आलीस?

चित्रकार : उद्या माझी रजा संपते. वर्षभराची, बिनपगारी. प्रयोगशाळेत कीटकांची चित्रं काढते मी. सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि काढायचं. बारा वर्षं तेच. साहेबांनी बजावलंय, उद्या रुजू व्हा नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, आणि पुन्हा रजा म्हणून तोंड उघडायचं नाही. म्हणून आज मला इथून उत्तर हवंय. हो किंवा नाही. नाही असेल तर कारणासकट. फसलेल्या प्रयोगाचंही कारण लिहून ठेवतात हो.

फुगेवाले : पानं आणलीस?

चित्रकार : चौथ्यांदा काढलेली. ही बघा. तुमचीच गोष्ट, सगळ्या नव्या लोकांना देता तीच. लिफ्ट बंद पडते, आत मेकॅनिक आणि इमारतीचे मालक.

फुगेवाले : हं. ही जाळी... छताची जाळी मोजून काढलीस की काय?

चित्रकार : मोजूनच. आत जाऊन. अकरा लिफ्ट बघितल्या मी. तीन ठिकाणी वॉचमनने हटकलं. दर खेपेला या एका पानाला नऊ दिवस लागले.

फुगेवाले : हा ट्रेसिंग पेपर. याच्यातून दोन फुगे कापून ठेवलेत, पहिल्या पानातले. हा मालकाचा. कुठे ठेवू सांग.

चित्रकार : इथे. नको, इथे पंखा आहे.

फुगेवाले : मग इथे?

चित्रकार : तिथे जाळी झाकली जाते.

फुगेवाले : मालकाच्या तोंडावर ठेवू? त्याच्याच तोंडचं वाक्य आहे, रागावणार नाही.

चित्रकार : काका!

फुगेवाले : अगं, मी तीन महिने हेच करतोय. फुगा उचलतो, तुझ्या पानावरून फिरवतो आणि परत खाली ठेवतो. गर्दीच्या बसमध्ये पिशवी घेऊन उभा असल्यासारखा. जागा म्हणून ठेवली नाहीस कुठे.

चित्रकार : रिकामी जागा म्हणजे काम अर्धवट, असंच मला शिकवलंय. कीटकाच्या पायावरचा एक केस काढायचा राहिला, तर जात बदलते त्याची.

फुगेवाले : इथे तुझा कीटक बोलतो. बरं, पंखा गेला असं समजू. ठेवले दोन्ही फुगे. आता वाच. मोठ्याने.

चित्रकार : ‘लिफ्टला तेल घालतात?’ ‘या लिफ्टला शेवटचं तेल कधी घातलं होतं?’ ... हे उलटं झालं. प्रश्न आधी आहे.

फुगेवाले : संहितेत आधी आहे. मेकॅनिक विचारतो, मालक बावळटासारखं उत्तर देतो, वाचक हसतो. तुझ्या पानात मालक डावीकडे उभा. आपण डावीकडून वाचतो. उत्तर आधी, प्रश्न नंतर, हसायचं कुणी आणि कशाला?

चित्रकार : मेकॅनिकचा फुगा वर घ्या, मालकाचा खाली.

फुगेवाले : मग फुग्यांची शेपटं एकमेकांत गुंततात. बघ. याचं बोलणं त्याच्या तोंडातून येतंय.

चित्रकार : पण मेकॅनिक डावीकडे जाऊच शकत नाही. त्याचा हात बटणांवर आहे, आणि बटणं उजव्या भिंतीवर असतात. अकरापैकी नऊ लिफ्टमध्ये उजव्या भिंतीवर होती.

फुगेवाले : बाई गं, वाचक काय बटणं तपासायला येणार आहे?

चित्रकार : मी तपासते! चित्र खोटं असलं की मला कळतं. नुसतं आरशात धरल्यासारखं उलटं करा म्हणाल, तर बटणांवरचे आकडे उलटे होतील आणि मेकॅनिक डावखुरा. ते मी करणार नाही. त्यापेक्षा उद्या रुजू होते.

फुगेवाले : हो.

चित्रकार : हो काय?

फुगेवाले : जा म्हणतोय. तुझ्याआधी त्या खुर्चीवर बसलेले पुष्कळ जण गेलेत. सगळ्यांचा हात छान होता. एकाने मला ‘चित्र कळत नाही’ म्हणून सुनावलं होतं. खरंय, नाही कळत. मला फक्त आधी कोण बोलतो तेवढं कळतं.

चित्रकार : ... तो गेला कुठे मग?

फुगेवाले : माहीत नाही. पुन्हा आला नाही. तू त्या लिफ्टमध्ये उभी कुठे होतीस?

चित्रकार : म्हणजे?

फुगेवाले : बघत होतीस ना. कुठून?

चित्रकार : मागच्या भिंतीला पाठ लावून. दाराकडे तोंड. सगळे तसेच उभे राहतात.

फुगेवाले : म्हणून बटणं उजवीकडे.

चित्रकार : हो. ... आणि दारातून आत बघितलं तर डावीकडे. थांबा. भिंत तीच, बटणं तिथेच. फक्त मी फिरले. मेकॅनिक डावीकडे येतो, उजव्या हातानेच. पण काका, दार तर बंद आहे. दारात कोण उभं राहणार?

फुगेवाले : वाचक. त्याला कुठे दार लागतं?

चित्रकार : कागद आहे?

फुगेवाले : खालच्या खणात. आणि वरचा तिसरा हिस्सा माझा, आधीच सांगतो. तिथे पेन्सिल टेकवायची नाही.

चित्रकार : जाळी जाते.

फुगेवाले : जाते.

चित्रकार : पंखाही.

फुगेवाले : पंख्याचा निम्मा ठेव हवा तर. रडू नकोस, कागद ओला होतो.

चित्रकार : रडत नाहीये. राग आलाय मला. हे पहिल्या चिठ्ठीत तीन ओळींत मावलं असतं.

फुगेवाले : मावलं असतं. बाई ते खोडतात हे मला ठाऊक होतं आणि मी पेन्सिलनेच लिहीत राहिलो. शाईने लिहायला हवं होतं. चल, मान खाली घाल, बाई यायच्या आत होऊ दे.

(पाऊण तासाने संपादक येतात. हातात छापखान्यातल्या पानांची गुंडाळी.)

संपादक : निळा रंग पुन्हा जांभळा आलाय, मी त्या माणसाला सांगून सांगून थकले. या कोण?

फुगेवाले : लिफ्टवाल्या. चौथी खेप.

संपादक : अच्छा. तुम्हाला पत्र गेलं होतं ना?

चित्रकार : तीन. मला आज स्पष्ट उत्तर हवंय. उद्या कामावर रुजू व्हायचं की नाही, ते त्यावर आहे.

संपादक : बघू द्या. हे काय, नुसती पेन्सिल?

फुगेवाले : आत्ताच काढलंय. फुगे ठेवलेत वर. वाचा तर.

संपादक : ‘या लिफ्टला शेवटचं तेल...’ हं. ‘लिफ्टला तेल...’ हाहा. मूर्ख आहे हा माणूस.

चित्रकार : चित्र कसं वाटलं?

संपादक : चित्र? बघायचं राहिलंच की. वाचत होते ना. ठीक आहे, दिसतंय सगळं.

चित्रकार : ठीक आहे? आधीच्या पानात छताची जाळी होती. मी ती नऊ दिवस...

फुगेवाले : अगं.

चित्रकार : नाही, मला बोलू द्या काका. नऊ दिवस काढलेलं यांनी परत पाठवलं, आणि पाऊण तासात खरडलेलं नुसतं ‘ठीक आहे’. मी यातून काय समजायचं? घेताय की नाही?

संपादक : एका पानावर मी कुणालाच घेत नाही. मालक पुढे मेकॅनिकच्या पान्याने काय करतो? पुढचं पान कुठे आहे?

चित्रकार : आहे. पण त्यात अजून जागा नाहीये.

संपादक : कसली जागा?

फुगेवाले : माझी.

संपादक : आणि तिसऱ्यात?

चित्रकार : तिसऱ्यातही नाही. दोन्ही पानं दारातून काढावी लागतील. चार तास तरी.

संपादक : आत्ता सव्वा वाजलाय. मी सहापर्यंत आहे.