चष्मा गेला कुणाच्या नाकावर

...आणि वर मलाच म्हणतात, "आई, नीट बघून उचलायचा ना!" अरे, चष्मा काढल्यावर नीट दिसत असतं तर चष्मा कशाला लागला असता? तुम्हाला सांगते, डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचा चष्मा मी घातला, माझा ती घालून गेली, आणि इकडे शिंप्याच्या शर्टांची ढीगभर काजं पडलेली! सुईचं नेढं दिसेल तर शपथ. हातचं काम जायचं, म्हणून घरात बजावलं... काहीही करा, पण शिंप्याला कळता कामा नये!

मुलगा म्हणतो, "जग एवढंसं आहे गं, चार-पाच ओळखींत कुणीही सापडतं!" मग सापडव ना! दूधवाला दारोदार जातो, त्याला विचारलं, तर म्हणे, "आजी, मी पातेली ओळखतो, माणसं आत असतात!" सुनेने ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं, तिने जावेला, जावेने परगावच्या विहिणीला... चष्मा माझा, चौकशी कुठल्या कुठे! जिन्यात रोज एक निळा ढग समोर यायचा, "बरंय ना?" म्हणायचा, मीही ढगाला "बरंय" म्हणायचे. त्यात पहिल्याच दिवशी शिंपीच दारात हजर झालेला! "मावशी, डोळे काय म्हणतात?" "ठणठणीत!" म्हटलं, आणि पडद्याकडे बघून हसले. शिंप्याला कळता कामा नये!

शेवटी त्या परगावच्या विहीणबाईंचाच फोन! "अहो, माझ्या नणंदेचा चष्मा बदललाय! तुमच्याच इमारतीत आलीय राहायला, वरच्या मजल्यावर." म्हणजे आमच्या डोक्यावर! गेले धापा टाकत. दार उघडलं... निळा ढग! नाकावर माझा चष्मा, दांडीला माझा काजाचा लाल दोरा.

"अगं बाई, रोज भेटतो की आपण!" मी म्हटलं.

"मग ओळखलं नाहीत?"

"तुमच्या चष्म्यातून कोण ओळखू येणार?"

मग काय, बसले, काजं संपवली, ऐटीत शिंप्याकडे नेली. त्याने माझ्या नाकाकडे बघितलं. "मिळाला वाटतं? त्या बाई तर पहिल्याच दिवशी ब्लाउज टाकायला आल्या, दोरा दाखवून विचारत होत्या, कुणाचा चष्मा म्हणून. मला वाटलं तुमचाच, म्हणून लगेच आलो विचारायला... तर तुम्ही म्हणालात, डोळे ठणठणीत! म्हटलं, मग दुसऱ्या कुणाचा असेल."

मी म्हटलं, "आण बाबा पुढची काजं. डोळे ठणठणीत आहेत."