प्लास्टिक चढवलेल्या गाड्या

— नाही, बसा हो, वर्गणी बंद करायलाच आलात ना, मग बसून करा. उपग्रहावरून येणारा रेडिओ, नव्या गाडीबरोबर फुकट, तीन महिने मजेत ऐकलात आणि चौथ्याला बिल आलं तसे उगवलात. सगळे असेच. फुकट म्हणजे तुम्हाला फुकट, साहेब. तो डबा बसवायला आमची कंपनी गाडी बनवणाऱ्यांना पैसे मोजते, शोरूमवाल्याला कमिशन देते, वर जाहिराती — एक माणूस आणायला जो खर्च होतो ना, तो वसूल व्हायला त्यानं दीड-दोन वर्षं तरी टिकायला हवं. टिकतंय कोण? मग नफा कुठून? नाहीच. पण नफ्याचं विचारतो कोण — मीटिंगमध्ये एकच प्रश्न, वर्गणीदार किती वाढले. वाढले म्हटलं की टाळ्या. तोटाही वाढला, पण त्याला गुंतवणूक म्हणायचं. टाय लावलेली शहाणी माणसं.

आणि वाढलेले वर्गणीदार कोण, ठाऊक आहे? शोरूमच्या मागे न विकलेल्या गाड्या उभ्या असतात ना, सीटवर प्लास्टिक चढवलेल्या — त्या. रेडिओ बसवला की धरला वर्गणीदार. आत माणूस नाही, किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला. आणि सकाळच्या कार्यक्रमात एक बाई रोज घसा साफ करून विचारायची, ‘निघालात का? सावकाश जा.’ कोणाला विचारायची? प्लास्टिकला. मूर्ख बाई. मग खर्च कमी करायची वेळ आली — काय कमी केलं? गाडी बनवणाऱ्यांना देतात ते? छे. तिचा कार्यक्रम. ऐकतंय कोण, म्हणाले. मलाही पटलं — म्हणजे, तिलाही. काढली नाही हां तिला, खुर्ची दिली. ही. जाणाऱ्यांना अडवायची. आवाज गोड आहे, उपयोग होईल, म्हणाले. या महिन्यात एकही अडला नाही, तुम्हीही गेलात तर ही खुर्चीही जाणार. तुमच्यावर ढकलत नाहीये, आपलं सांगितलं.

तर कारण काय लिहू, महाग? सगळे तेच सांगतात, लिहूनच टाकते. नाही? मग? — टॅक्सी चालवता. बरं. थांबा, स्क्रीनवर बघते — सहा वर्षं भरताय? मग आधी नाही का सांगायचं? मी बोलू दिलं नाही, बरोबर. आणि आता सोडायचं कारण?

सकाळची बाई गेली म्हणून.

हे काय कारण झालं का? दुसरी गाणी लावतात की त्या वेळेला. काय म्हणालात? तुम्ही उत्तर द्यायचात तिला? ‘निघालो’ म्हणायचात — मोठ्यानं, गाडीत एकटे बसून? वेडे आहात का हो तुम्ही.

इथे कागदावर लिहून दिलंय मला — गिऱ्हाईक असं काही बोललं तर सांगायचं, कार्यक्रम लवकरच परत येतोय, तोवर तीन महिने निम्म्या दरात घ्या. तुम्ही घ्याल, दिसतंय मला तोंडावर. पण येत नाहीये तो. कधीच येणार नाही. झालं, केलं बंद. पुढचं बिल यायचं नाही. असं बघू नका, ओळखला असेल आवाज तर मनात ठेवा.

उठा आता, मागे लोक ताटकळलेत. तुमची छत्री राहिली, काका.

निघालात का? — सावकाश जा.