मावशीच्या मराठीची सुनावणी

आमच्या सुमनमावशीचं काय झालं, ऐकलं का? ती झाशीत ओरछा गेटजवळ राहते, मुलगा परदेशात. मौसाजी गेल्यावर तो म्हणाला, "आई, आता कायमची इकडेच ये."

तिकडे कायम राहायच्या व्हिसासाठी अर्ज केला, व्हिडिओवर मुलाखत झाली. मावशीने मातृभाषा मराठी लिहिलेली, म्हणून स्क्रीनवर मराठीत प्रश्न आले. समोर माणूस नव्हताच, मशीनच उत्तरं तपासत होतं.

थोड्याच दिवसांत नकार आला. बोलणं मराठीशी जुळत नाही, माहिती खोटी असल्याचा संशय आहे, एवढंच लिहिलेलं. मावशीचं जेवणावरून मन उडालं. "जिंदगीभर घरात हीच मराठी बोलले, आणि मी झूठी?"

मुलाने वकील धरला. वकिलाने एकच मागणी केली, की यांचं म्हणणं एखाद्या माणसाने ऐकावं. बऱ्याच महिन्यांनी सुनावणी लागली. स्क्रीनवर एक अधिकारी बाई आणि मूळची पुण्याची दुभाषी.

दुभाषीने विचारलं, "आजी, झाशीत कधीपासून आहात?"

"पेशव्यांच्या जमान्यापासून, बेटा. पण अशी पूछताछ पहिल्यांदाच होतेय."

दुभाषी हसली आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "ही मराठीच आहे. झाशीची आहे, इतकंच."

नकार तिथेच रद्द झाला. शेवटी बाईंनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो जी. मशीनने माझा कुठला शब्द चुकीचा धरला?"

बाईंनी कागद उलटेपालटे करून पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "ते मशीन आम्हालाही सांगत नाही."